अस्सलराव टाको खातात

लॉस एंजेलिसमध्ये फूड ट्रकसमोर पाच-सात माणसांची रांग लागली, की त्यात एक अस्सलराव असतातच. हे टोपणनाव एका माणसाचं नाही, एका जमातीचं आहे. वय पस्तिशीच्या पुढे, खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. वंश, धर्म, देश कुठलाही चालतो. अट एवढीच, की ज्या खाण्याविषयी ते बोलत असतील त्याच्याशी त्यांच्या घरच्या चुलीचा काडीचाही संबंध नसावा. मेक्सिकोतल्या ओआहाकाला ते एकदा सुट्टीत जाऊन आलेले असतात, सोलला एकदा ऑफिसच्या खर्चाने. एवढ्या भांडवलावर दोन्ही देशांच्या स्वयंपाकघरांचं मुखत्यारपत्र त्यांनी स्वतःकडे घेतलेलं असतं.

त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा आघात २००८ च्या नोव्हेंबरातला. त्या महिन्यात 'कोगी' नावाचा ट्रक शहरात फिरू लागला. कल्पना मार्क मांगेरा या फिलिपिनो वंशाच्या तरुणाची. रात्री उशिरा टाको खाताना, यात कोरियन पद्धतीचं भाजलेलं मांस घातलं तर, असं त्याच्या डोक्यात आलं. (जगातल्या बऱ्याच पदार्थांचा जन्म मध्यरात्रीच्या भुकेतून झालाय, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हरकत नाही.) स्वयंपाकाला मिळाला रॉय चॉय. जन्म सोलचा, वाढला लॉस एंजेलिसच्या परिसरात, शिकला न्यूयॉर्कजवळच्या नामांकित पाकशाळेत, आणि तोवर मोठमोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यांत राबलेला. ट्रक आज कुठे उभा राहणार हे ट्विटरवर कळायचं, आणि लोक कधी दारूच्या गुत्त्याबाहेर तर कधी कॉलेजच्या आवाराजवळ तास-तासभर उभे राहायचे.

अस्सलरावही उभे राहिले. निषेध नोंदवायचा तर आधी चव घ्यायला हवी, असं त्यांचं तत्त्व आहे. आणि त्या तत्त्वापायी त्यांचं वजन बरंच वाढलं आहे.

हातात आलं ते असं: मक्याच्या दोन छोट्या तोर्तिया तव्यावर शेकलेल्या. त्यात सोया सॉस, साखर, लसूण आणि तिळाच्या तेलात मुरवून भाजलेलं बरगडीचं बीफ. वर कोबीची तिखट-आंबट कोशिंबीर, कांदा, कोथिंबीर, लिंबू, भाजलेल्या तिळाचा कूट आणि लाल साल्सा. त्यांनी चार घासांत संपवलं, बोटं चाटली आणि निकाल दिला, "हा टाको नव्हे." मग दुसरा मागवला. तोही टाको नव्हता. तिसऱ्याच्या वेळी त्यांचा आवाज जरा खाली आला होता. पण तोंड भरलेलं असल्यामुळेही तसं झालं असेल.

त्यांचे आक्षेप ठरलेले. मेक्सिकोच्या टाकोत बाहेरचं काही घुसवू नये, हा पहिला. आता त्या टाकोवरची कोथिंबीर, कांदा आणि लिंबू ही तिन्ही स्पॅनिश लोकांबरोबर समुद्र ओलांडून आली. डुक्कर आणि गायही त्यांच्याच जहाजांतून उतरली. अस्सलरावांचा सगळ्यात लाडका टाको म्हणजे 'अल पास्तोर', उभ्या सळईवर फिरणाऱ्या मांसाचा. ती सळई लेबनॉनकडच्या स्थलांतरितांनी मेक्सिकोतल्या प्वेब्लात आणलेली. तिथे आजही 'ताकोस आराबेस', म्हणजे अरबी टाको, त्याच नावाने विकले जातात आणि कुणाचा धर्म बुडत नाही. हे त्यांना सांगितलं तर म्हणतात, "ते वेगळं. ते जुनं आहे." किती जुनं झालं की चालतं, हा प्रश्न त्यांना विचारू नये. त्या वेळी त्यांना नेमका फोन येतो.

दुसरा आक्षेप कोरियाच्या बाजूने. किमचीसारख्या, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीसारख्या, प्राचीन पदार्थाची अशी विटंबना! किमची प्राचीन खरीच, पण तिचा लाल रंग तितका नाही. मिरची मूळची मेक्सिकोकडची. ती पोर्तुगीजांच्या व्यापारातून आशियात पसरली आणि कोरियात पोहोचली ती सोळाव्या शतकाच्या शेवटाला, जपानमार्गे. १६१४ सालच्या 'जिबोंग युसोल' या कोरियन ज्ञानकोशात तिची नोंद आहे: जपानकडून आलेली वस्तू, आणि अत्यंत विषारी. म्हणजे त्या काळीही तिथे एक अस्सलराव हजर होते आणि त्यांना लेखणी मिळाली होती. किमची घातलेला टाको म्हणजे चारशे वर्षं जगभर फिरून मिरची माहेरपणाला आलेली, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे ही जमात नाही असं कुणी समजू नये. शेजवान डोसा पाहून कपाळाला हात लावणारे, आणि एकादशीला साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची असा अमेरिका खंडातून आलेला फराळ सोवळ्याने करणारे गृहस्थ पुण्यात आणि पार्ल्यात मुबलक आहेत. कॅलिफोर्नियात गेलेल्या मराठी मंडळींत त्यांची शाखा आहे. ती कोगीच्या रांगेत टोफूचा टाको मागते, वर आणखी हिरवी मिरची मागते आणि परत येताना "घरी याहून बरं होईल" म्हणते.

पाहुणे आले की अस्सलराव त्यांना 'खरं मेक्सिकन' खायला 'गेलागेत्सा'ला नेतात. ओआहाकाहून आलेल्या कुटुंबाचं हे रेस्टॉरंट. तिथलं मोले, म्हणजे मिरच्या, सुकामेवा आणि मसाले वाटून केलेलं दाट कालवण, खरोखर उत्तम. २०१५ साली त्याला जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा मानाचा पुरस्कारही मिळाला. अस्सलराव ताटावर मान झुकवून शुद्धतेवर बोलत राहतात. मान वर केली असती, तर ही वास्तू कोरियन धाटणीची असल्याचं त्यांच्या लक्षात आलं असतं. मूळचं हे कोरियन रेस्टॉरंट. १९७० च्या दशकात मालकाने खास कोरियाहून निळी कौलं मागवून बांधलेलं. ओआहाकाचं मोले गेली कित्येक वर्षं त्या कौलांखाली शिजतंय. हा भाग शहराच्या कोरियाटाउनचा. कोरियाटाउन नाव असलं तरी तिथल्या रहिवाशांत निम्म्याहून अधिक लॅटिनो आहेत. कोरियन रेस्टॉरंटांच्या मुदपाकखान्यांत मांस मुरवणारे, भांडी घासणारे आणि कोबी चिरणारे हात बहुतांशी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या माणसांचे. हे लोक दुपारच्या सुट्टीत तोर्तियात काय गुंडाळून खात असतील, याचा विचार करायला पाकशास्त्र लागत नाही, भूक पुरते. पण अस्सलराव मागच्या दाराने कधी गेलेले नाहीत.

आणि कोरिया-मेक्सिकोची ही ओळख फक्त लॉस एंजेलिसची नाही. १९०५ साली हजारावर कोरियन माणसं जहाजातून मेक्सिकोला गेली आणि युकातानच्या घायपातीच्या मळ्यांत, सोन्याचं आमिष दाखवलेल्या करारांवर, अक्षरशः राबवली गेली. त्यांचे वंशज आजही मेरिदात आहेत. त्या स्थलांतराचं एक संग्रहालयही तिथे आहे. या गोष्टीवर अस्सलराव क्षणभर गप्प बसतात. मग विचारतात, "पण तिथे अस्सल काय मिळतं?"

कोगीची खरी गंमत पुढे झाली. २०१० मध्ये 'फूड अँड वाइन' मासिकाने रॉय चॉयला वर्षाच्या सर्वोत्तम नव्या शेफांत बसवलं. ऑस्टिनपासून सेंट लुईसपर्यंत किमची-टाकोचे ट्रक निघाले. २०१४ मध्ये जॉन फावरोचा 'शेफ' हा चित्रपट आला. त्यातल्या ट्रकचं बारकाव्याचं काम चॉयच्या देखरेखीखाली झालं होतं. अस्सलरावांनी तो दोनदा पाहिला आणि एके दिवशी, कुणाला पत्ता न लागू देता, त्यांचं मतपरिवर्तन झालं. आता ते म्हणू लागले, "कोगी म्हणजे अस्सल. बाकी सगळ्या नकला." २००८ च्या त्या पहिल्या हिवाळ्यात आपण रांगेत होतो, हे ते आता स्वातंत्र्यसैनिकाच्या थाटात सांगतात, काय म्हणालो होतो ते गाळतात. २०१६ मध्ये कोगीने छपराखालचं दुकान काढलं, तेव्हा "फुटपाथवर उभं राहून खाण्याची चव याला नाही" असा अभिप्राय आला. ज्या ट्रकला ते एकेकाळी संस्कृतीचा ऱ्हास म्हणत होते, त्याच्याच चाकांना आता सोवळं लागलं होतं.

मध्यंतरी सोलला पुन्हा जाण्याचा योग आला. तिथे इतेवॉन भागात तिघा कोरियन-अमेरिकनांनी २०११ मध्ये काढलेलं 'वातोस' नावाचं टाकोचं रेस्टॉरंट आहे. अस्सलरावांनी तिथली प्रसिद्ध फ्राइज मागवली: बटाट्यावर किमची, मेक्सिकन पद्धतीचं शिजवलेलं डुकराचं मांस आणि चीज. ताट पुसून काढलं. बाहेर येऊन सहकाऱ्याला म्हणाले, "चांगलं आहे, पण लॉस एंजेलिसची ऑथेंटिक चव नाही." सहकारी सोलचाच होता. तो अदबीने हसला आणि बिल कंपनीच्या नावावर घातलं.

हल्ली त्यांना बिर्रिया रामेन छळतंय: मेक्सिकोच्या मटणाच्या रश्शात जपानी शेवया. चव अजून घेतलेली नाही, मत तयार आहे. शनिवारी साडेबाराची वेळ ठरली आहे.