डिस्क्लेमररावांस अनावृत पत्र

रा. रा. डिस्क्लेमरराव यांस,
सा. न. वि. वि.

आपला जन्म कोर्टकज्ज्यातला. १९३२ साली एमजीएमने रास्पुतिनवर चित्रपट काढला आणि यातली काही पात्रे अजून हयात आहेत, अशी आरंभीच फुशारकी मारली. रास्पुतिनने पडद्यावर जिची अब्रू घेतली ती राजकन्या म्हणजे आपणच, असे इरिना युसुपोव्ह यांनी १९३४ मध्ये लंडनच्या कोर्टाला पटवले आणि २५,००० पौंड वसूल केले. तेव्हापासून ‘सर्व पात्रे काल्पनिक’ म्हणत आपण निर्मात्याची तिजोरी राखता. सत्याशी आपले नाते चुलतच.

आपली खरी कर्तबगारी दिसली ती २०२३ मध्ये. ‘द केरला स्टोरी’ या चित्रपटाच्या टीझरने आदल्या वर्षीच ३२,००० मुली धर्मांतर होऊन सीरिया-येमेनच्या वाळवंटात गाडल्या गेल्याचे ठोकून दिले. वाद पेटताच जाहिरातीच्या मजकुरात ३२,००० च्या तीन झाल्या. (एवढी घसघशीत सूट दिवाळीच्या सेललाही मिळत नाही.) चित्रपट ५ मे रोजी लागला, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशाने करमाफी दिली. या आकड्याला अधिकृत आधार नाही आणि चित्रपट म्हणजे घटनांचे काल्पनिक रूप आहे, अशी पाटी २० मेपर्यंत लावू, हे मात्र निर्मात्यांनी सर्वोच्च न्यायालयात १८ मे रोजी मान्य केले. म्हणजे तिकीटखिडकीवर सत्यघटना, न्यायाधीशांसमोर कल्पना, आणि दोन्हींच्या मधे हात जोडून आपण.

आपले वकील म्हणतील, बाजू कोण घेत नाही? कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवतानाच माहितीपटवालाही बाजू घेतो. अगदी मान्य. पण बाजू घेणाऱ्याने पुरावाही दाखवावा लागतो; इथे पुरावा मागितला की कलास्वातंत्र्य पुढे येते आणि कलेला नावे ठेवली की ‘सत्य झोंबले’ म्हणतात. मग बंदी घाला, असेही कोणी सुचवेल. पश्चिम बंगालने घातली. न्यायालयाने त्याच १८ मे रोजी तिला स्थगिती दिली, ते योग्यच झाले. बंदीमुळे खोट्याला हुतात्म्याचा मान मिळतो. तीन मुलींची कहाणी सांगायला कोणाची ना नव्हती. त्यांच्यापुढे हजारांची शून्ये मांडली, तिथे प्रचार सुरू झाला.

२०२५ मध्ये याच चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, हे आपल्या कानावर आले असेलच. त्या मानपत्रावर आपल्यासाठी दोन ओळींची जागा ठेवली होती का, तेवढे उलट टपाली कळवावे.

आपला,
एक तिकीटधारक