गॅस झाला म्हणू नका

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या कुठल्याही दवाखान्यात सकाळच्या गर्दीत कान देऊन बसा. चार शब्दांत सगळं गाव आजारी आहे: गॅस, बीपी, वीकनेस, टेन्शन. जी बाई घरी सुनेला सांगत होती, "कसंनुसंच व्हायलंय गं, जीव कालवायलाय, उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी यायलीय", तीच डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर बसली की एवढंच म्हणते, "साहेब, गॅस झालाय." लक्षणं सगळी घरी राहिली. दवाखान्यात पोचलं ते तिनं स्वतःच करून टाकलेलं निदान.

साहेबांसमोर आपली बोली गावंढळ वाटते, म्हणून ती असं बोलते. तिला असं वाटायला लावलं कोणी, हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःला विचारावा. कारण या चार शब्दांपायी माणसं दगावतात.

गॅसचंच बघा. हृदयविकाराचा झटका प्रत्येकाच्या छातीत कळ मारत येत नाही. बायकांना, मधुमेह असलेल्यांना, म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा छातीत फारसं दुखतच नाही. मळमळ सुटते, दरदरून घाम फुटतो, दम लागतो, पोटाच्या वरच्या अंगाला जड वाटतं, पाठ नाहीतर जबडा दुखतो आणि जीव घाबराघुबरा होतो. 1768 साली लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरनं अँजायना या हृदयाच्या दुखण्याचं वर्णन आपल्या सहकाऱ्यांपुढं वाचलं, तेव्हा त्यानंही घुसमट आणि जिवाची घालमेल या दोन गोष्टींवर बोट ठेवलं होतं. त्यावरूनच दुखण्याचं नाव पडलं. आपली म्हातारी "जीव घाबरायलाय" म्हणते तेव्हा ती तेच सांगत असते. आपण मात्र तिला गॅसची पुडी पाण्यात कालवून देतो. एक ढेकर येते, घडीभर बरं वाटल्यासारखं होतं, आणि "सकाळी बघू" म्हणून घर झोपी जातं. तिकडं रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. ईसीजी काढायला पाच-दहा मिनिटं पुरतात. गेलेली रात्र कुठून परत आणणार?

म्हणून घाम, दम आणि मळमळ एकदम आली तर पुडी नको. 108 ला फोन करा आणि जे होतंय ते जसंच्या तसं सांगा.

बीपीचीही तीच गत. "बीपी लो झालाय" या तीन शब्दांत दोन निराळी दुखणी कोंबलेली असतात. कुशीवर वळलं की घर गरगर फिरतं, ते बहुतेकदा कानाच्या आतल्या भागाचं काम असतं आणि डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवूनही बरं होऊ शकतं. उठून उभं राहिलं की अंधारी येते, तिथं रक्तदाब, चालू असलेल्या गोळ्या, अंगातून जाणारं रक्त हे सगळं बघावं लागतं. गरगरणं निराळं आणि अंधारी निराळी, हे आपल्या बोलीला ठाऊक आहे. डॉक्टरांना हवा असलेला फरक म्हातारीच्या तोंडात तयार असतो आणि आपण तिला बीपी म्हणायला शिकवलं.

वीकनेसवर तर सलाईनचा सगळा बाजार उभा आहे. वीकनेस म्हटलं की बाटली लागलीच पाहिजे, नाही लावली तर तो डॉक्टर कसला! साखरेच्या पाण्याच्या पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरेक कॅलरी. एका भाकरीतही त्याहून कमी मिळत नाही. ज्याला जुलाब-उलट्यांनी पार सुकवलंय आणि तोंडानं काही घेववत नाही, त्याला सलाईन जीवदान आहे. पण कापूस वेचून आलेल्या, जिना चढताना धापा टाकणाऱ्या, पापणी आतून पांढरी पडलेल्या बाईला त्यानं काय होणार? 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. "हातापायात जीवच न्हाई, चार पावलं चाललं की धाप लागायलीय" असं ती म्हणाली तर ऐकणाऱ्याला हिमोग्लोबिन तपासावंसं वाटेल. वीकनेस म्हणाली की बाटली टांगली जाते आणि पैसे देऊन ती तशीच फिकी घरी जाते.

आता लातूरशी भांडण. सगळ्या राज्यातली पोरं डॉक्टर व्हायला लातूरला शिकवणीला येतात. नॉशिया, व्हर्टिगो, मलेज हे शब्द त्यांना झोपेतून उठवलं तरी पाठ असतात. नॉशियाचं मूळ जहाजाच्या ग्रीक शब्दात आहे, समुद्रावर लागणारी ती मळमळ. आमचं मुरुड समुद्रकाठचं नाही, तरी मळमळ, उमासे, वकारी आणि जीव कालवणं हे चार निरनिराळे अनुभव इथं चार शब्दांनी सांगतात. 2019 पासून एमबीबीएसच्या सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेची ओळख आहे. लातूर आणि नांदेडच्या शासकीय महाविद्यालयांनी तिथं आपल्या वॉर्डातल्या पेशंटची बोली शिकवावी आणि केसपेपरवर पहिली ओळ पेशंटच्या तोंडची, देवनागरीत, लिहायची सक्ती करावी. याला पैसा लागत नाही.

हे जमतं. विक्रम पटेल हे मानसोपचारतज्ज्ञ झिम्बाब्वेत काम करत होते, तेव्हा तिथल्या शोना भाषेत लोक स्वतःची उदासी कशी सांगतात ते ऐकून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर त्याच शब्दांची प्रश्नावली तयार केली. 'फार विचार करणं' हा तिथला शब्द. पुढं पटेल यांनी गोव्यात संगाथ ही संस्था उभी केली आणि गावातल्याच साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं.

आमच्याकडं सगळ्या विचारांचं टेन्शन झालंय. सोयाबीनचा भाव पडला, टेन्शन. पोरीचं लग्न, टेन्शन. कर्ज थकलंय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा झालाय, तरी टेन्शनच. यातलं 'जीव नकोसा झालाय' हे वाक्य घरातल्या माणसानं उच्चारलं तर "टेन्शन घेऊ नका मामा" म्हणून उठू नका. जवळ बसा, "जिवाचं काही करावं असं मनात येतंय का?" असं सरळ विचारा, आणि 14416 हा नंबर लावून द्या. सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.