धडधाकट महोदयांस खुले पत्र

प्रति,
परमपूज्य धडधाकटराव,
दिव्यांगांचा डबा, पनवेल–सीएसएमटी लोकल.

आपल्या दोन्ही चरणी साष्टांग नमस्कार. आठांतलं माझं एक अंग कमी भरतं, तेवढं गोड मानून घ्यावं.

सकाळी चेंबूरला गाडी शिरते तेव्हा आपण खिडकीशी गाढ झोपलेले असता. मानखुर्द-गोवंडीच्या रेट्यातही न मोडणारी ही झोप म्हणजे पूर्वपुण्याईच. शेजारच्या जागेवर आपली बॅग बसलेली असते. तिलाही काही दुखणं असेल, म्हणून मी विचारत नाही.

परवा मात्र आपण जागे होतात आणि माझी आस्थेनं चौकशी केलीत. ‘चांगले चालताय की! झालंय काय तुम्हाला?’ पँटीखाली जयपूर फूट दिसत नाही, तेव्हा शंका रास्तच. भर गर्दीत मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. रबरी पंजा, नळी, पट्टा, सगळं आपण मन लावून पाहिलंत, ‘अच्छा’ म्हणालात आणि मोबाइल काढलात. एवढी कसून तपासणी प्रमाणपत्र देताना डॉक्टरांनीही केली नव्हती. आभारी आहे.

हा पाय घडवणाऱ्या डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी पुष्कळ विचार केला होता. माणसाला उकिडवं बसता यावं, अनवाणी चालता यावं, चिखलात उतरता यावं. आपला विचार करायचा तेवढा राहिला. सीएसएमटीपर्यंत उभं राहिलं की सॉकेटमध्ये घाम साचतो, आतला मोजा घसरतो, उरलेल्या पायाला फोड येतो. मग फोड बसेपर्यंत पाय चढवायचा नाही आणि कामावरही जायचं नाही. ही सक्तीची रजा आपल्याच कृपेनं.

लोकलपायी हातपाय गमावलेले आणखीही आहेत. रोशन जव्वाद २००८ साली जोगेश्वरीला गाडीतून पडली, दोन्ही पाय गेले. नियमापेक्षा अपंगत्व जास्त म्हणून वैद्यकीय प्रवेश अडला, तेव्हा हायकोर्टात भांडली आणि डॉक्टर झाली. मोनिका मोरेचे दोन्ही हात २०१४ साली घाटकोपर स्थानकात गेले. २०२० मध्ये परळला तिला दुसऱ्याचे हात जोडले. एका अनोळखी कुटुंबानं आपल्या गेलेल्या माणसाचे हात दिले हो! पण म्हणून आपल्याकडं बाकावरची वीतभर जागा मागायची? छे, अतीच झालं.

रेल्वे कायद्याचं कलम १५५ आपल्याला ५०० रुपयांपर्यंत दंड सांगतं. घाबरू नये. गणवेश दिसताच आपण ज्या चपळाईनं खाली उडी मारता, ती पाहून उलट आम्हालाच हुरूप येतो.

एकच विनवणी. उद्या दारात तरी पाय पसरू नयेत. माझा पाय उशिरा वळतो आणि मागची गर्दी थांबत नाही.

आपला कृपाभिलाषी,
चेंबूरचा एक उभा प्रवासी

ता. क. संध्याकाळच्या गाडीत आपले एक स्नेही असतात. हेच पत्र त्यांनाही दाखवावं, म्हणजे मला वेगळं लिहायला नको.