उलटा का करायचा?

सोमवारी परिपाठ आटोपला आणि पहिल्याच तासाला सरांनी सहावीच्या फळ्यावर अपूर्णांकांचा भागाकार मांडला. सहा भागिले एक छेद दोन. रीत सांगितली: भागाकाराचं चिन्ह पुसा, गुणाकाराचं काढा, पुढचा अपूर्णांक उलटा करा. उत्तर आलं बारा. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं तेवढा हात वर केला.

"सर, पण उलटा का करायचा?"

प्रश्न ऐकून सरांचा चेहरा फुलला. बाह्या सरसावून ते फळ्याकडे वळले आणि खिशातला मोबाइल किणकिणला. केंद्राच्या ग्रुपवर माहिती मागवली होती: शाळेतील हात धुण्याच्या नळांची संख्या, चालू-बंद स्थितीसह, विहित नमुन्यात, अकरापर्यंत. सर नळ मोजायला गेले. नळ तीन. मागच्या आठवड्यातही तीनच होते, पण तेव्हा माहिती नुसती 'तत्काळ' होती. आता ती 'अतितत्काळ' झाली होती.

हे सर माझे शाळासोबती. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवी एकटे ओढतात. मी सुट्टी काढून आठवडाभर त्यांच्याकडे उतरलो होतो. हल्ली वर्गात काय शिकवतात ते बघावं म्हणून रोज त्यांच्या मागे शाळेत जाऊन शेवटच्या बाकावर बसायचो. जागा जुनीच, सवयीची.

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 दिवस आणि 1,000 तास अध्यापन सांगितलं आहे. त्याच कायद्याचं 27 वं कलम म्हणतं, की दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. मी हे सरांना मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. म्हणूनच आम्हाला जे देतात, त्याच्या मथळ्यावर 'शैक्षणिक' लिहिलेलं असतं."

मंगळवारी हे पटलं. सर साक्षरतेच्या सर्वेक्षणाला गेले. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना शिकवण्याचा केंद्र सरकारचा कार्यक्रम 2022 पासून सुरू आहे, आणि हेतू चांगलाच आहे. निरक्षर मात्र दिवसा शेतात असतात. सर बांधाबांधानं हिंडले. इकडे तिन्ही वर्गांवर सातवीतला मॉनिटर होता. त्यानं सगळ्यांना पाढे लिहायला बसवलं आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिली. भागाकार पुसून. गावातले जुने निरक्षर सापडेपर्यंत वर्गात नवे तयार होत राहतील, म्हणजे पुढच्या सर्वेक्षणालाही काम उरेल.

बुधवार हात धुण्याचा. आधी नुसती नळांची संख्या गेली होती, आता कृतीचे फोटो हवे होते. तीन नळांपैकी दोन कोरडे आणि तिसरा हट्टी. पोरांचं त्यावाचून काही अडलं नाही. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, सगळे टप्पे त्यांनी कोरड्या हातांनी असे बिनचूक करून दाखवले, की नाट्यस्पर्धेचे परीक्षक गहिवरले असते. पाचवीतलं एक पोरगं तर शेवटी हात झटकून पाणीही उडवत होतं. फोटोत कुठं उभं राहायचं, फलक दिसेल असं कसं सरकायचं, कॅमेऱ्याकडे न बघता मग्न कसं दिसायचं, यातलं त्यांना काहीच सांगावं लागत नाही. फोटो झाल्यावर एकानं विचारलं, "सर, आता खरंखरं धुवायचे का?" सर तेव्हा फोटोची साइज कमी करण्यात गुंतले होते. लिंकवर मोठा फोटो चढत नाही.

गुरुवारी सरांना केंद्रात शिक्षण परिषद होती. विषय: विद्यार्थ्यांच्या जिज्ञासेला चालना.

खिडकीतल्या मुलीनं त्या दिवशी वही उघडून माझ्यापुढे धरली. मी तिला रीत परत एकदा सांगितली. ती म्हणाली, "रीत येते मला." मी खिडकीबाहेर बघू लागलो. 2023 साली पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं घातली होती. ती असती तर तिनं प्रश्न निदान तिथं लिहून ठेवला असता. पण 2025 मध्ये कोरी पानंही काढून टाकली. पुस्तकाचा तेवढाच भाग न समजण्यासारखा नव्हता.

शुक्रवार अंड्याचा. 2023 च्या अखेरीस शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्याला केळं. मग 2025 च्या सुरुवातीला अंड्याचे पैसे थांबले आणि ते लोकसहभागातून द्यावं असं ठरलं. लोक म्हणजे कोण, हे मी दुपारी दुकानात पाहिलं. सर खिशातून पैसे काढत होते. पावती 'ग्रामस्थ' या नावानं फाडली.

शनिवारी दप्तर नसतं. 2024 पासून हा वार आनंददायी आहे, आणि आनंद झाल्याचा पुरावा त्याच दिवशी पाठवावा लागतो. सरांनी सकाळपासून तीन खेळ घेतले, तिन्हींचे फोटो काढले आणि नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीवर चढले. इकडे खिचडी तयार झाली. पंगत बसली, पहिली वाढ झाली. पातेल्याच्या तळाशी थोडी उरली होती. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी डाव फिरवून अंदाज घेतला आणि खिडकीतल्या मुलीला हाक मारली.

"पोरी, सहा डाव उरल्यात. अर्धा अर्धा डाव टाकला तर किती जणांचं भागंल?"

"बारा," ती म्हणाली.

"कसं गं?"

"एका डावात दोघं. सहा डावांत..." ती मध्येच थांबली. डावाकडे बघत राहिली. मग ओरडली, "मावशी, अर्ध्यानं भागलं की दुप्पट भागतात!"

"मग? भागवायचं म्हणजे काय कमी करायचं असतं व्हय?" मावशी म्हणाल्या, आणि बारा ताटांत अर्धा अर्धा डाव टाकून पातेलं पालथं केलं.

सर टाकीवरून धावत आले. पोरीनं धापा टाकत त्यांना सगळं सांगितलं. सरांनी घाईघाईनं मोबाइल काढला. "मावशी, परत एकदा वाटा बघू!" पण पातेलं घासायला गेलं होतं आणि पोरं बोटं चाटत होती.

संध्याकाळी लिंक आली. आठवड्यातील नावीन्यपूर्ण उपक्रम, छायाचित्र अनिवार्य. सरांनी थोडा वेळ विचार केला आणि भरलं: निरंक.