प्रायश्चित्तपूर्वक परदेशगमन

सन १८८८ मध्ये मोहनदास गांधी नावाचा एक तरुण बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी विलायतेस निघाला, तेव्हा मुंबईत त्याच्या ज्ञातीची सभा भरून त्यास बहिष्कृत करण्यात आले, आणि जो कोणी त्यास साहाय्य करील अथवा निरोप देण्यास बंदरावर जाईल, त्याजकडून सव्वा रुपया दंड घेतला जाईल, असे फर्मान सुटले. परत आल्यावर त्यास नाशिकास नेऊन गोदास्नान घालण्यात आले आणि प्रकरण बहुतांशी मिटले. आधी प्रवास आणि मागाहून प्रायश्चित्त, हा त्या जुन्या व्यवस्थेचा क्रम होता; आता तो नेमका उलटला आहे. ज्ञातीची हरकत राहिली नाही. प्रायश्चित्त मात्र प्रस्थानापूर्वी, आणि तेही सहकुटुंब, घ्यावे लागते. ज्या पालकांच्या मुलामुलींना पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीस जावयाचे असेल, त्यांच्या सोयीसाठी हा विधी येथे यथामती सांगतो. पुतण्याच्या कर्जास मी जामीन राहिलो आहे, यापलीकडे या विषयातील माझा अधिकार नाही. परंतु तो पुरेसा आहे, असे बँकेचेही मत पडले.

जर्मनीच का, या प्रश्नास पुण्यात एकच उत्तर मिळते: तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. (बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांत परक्यांकडून सहामाहीस १५०० युरो घेतो, तो प्रांत आमच्या घरी त्याच सायंकाळी नकाशावरून खोडण्यात आला.) ‘फुकट’ हा शब्द कानी पडताच सुज्ञ पालकाने सावध होऊन खर्चासाठी एक वेगळी वही घालावी.

पहिली पायरी भाषेची. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात चिरंजीवांचे नाव घालावे, आणि घरातील निर्जीव वस्तूंनाही लिंगे असल्याचे ते सांगू लागले म्हणजे विस्मय दाखवू नये, कारण पळी ती, डाव तो आणि पातेले ते, हा अन्याय आपणही बिनतक्रार सोसत आलो आहोत. तीच गोष्ट अंकांची. जर्मन मनुष्य एकवीस म्हणताना आधी एक म्हणतो आणि मग वीस, आणि घड्याळात अडीच वाजले की तो ‘अर्धे तीन’ म्हणतो; ज्याने बालपणी पावकी, निमकी आणि अडीचकी घोकली त्या मराठी माणसास यात विलायती असे काहीच वाटत नाही. माझी आई तर सारा धडा ऐकून इतकेच म्हणाली की, मग इतके पैसे भरून शिकवतात काय?

भाषेनंतर गुणांचे रूपांतर. तेथे एक हा अंक सर्वोत्तम आणि चार म्हणजे कशीबशी उत्तीर्णता. त्यासाठी बव्हेरियन नावाचे एक सूत्र आहे, ज्यात कमाल गुणांतून आपले गुण वजा करून, बाकीस कमाल व उत्तीर्णतेपुरते किमान गुण यांच्या अंतराने भागून, तिपटीत एक मिळवावयाचा असतो. आयुष्यभर शेजाऱ्यांच्या मुलांहून अधिक गुण मिळवण्यात खर्ची पडलेल्या विद्यार्थ्यास, आता जितके कमी तितके उत्तम, हे एका भागाकारात पटवून घ्यावे लागते.

परंतु या सर्वांहून बिकट प्रकरण नावाचे आहे, आणि तेथे घाई करून चालणार नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यास स्वतःचे, पित्याचे आणि कुळाचे अशी तीन नावे असतात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव शेवटी असते, गुणपत्रिकेवर तेच आरंभी येते आणि खाली आईचे नाव स्वतंत्र छापलेले असते, पारपत्रावर पिता मधूनच अंतर्धान पावतो, आणि पदवीपत्रावर ‘श्रीकांत’मधील एक इंग्रजी अक्षर अधिक असते. अशा रीतीने एका पुतण्याचे चार इसम होतात. तेव्हा पालकांनी शिवाजीनगरच्या न्यायालयाबाहेर नोटरीसमोर उभे राहून, सदरहू चारही इसम एकच असून ते माझ्या पोटी एकदाच जन्मले, अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र करावे. माझ्या बंधूंनी ते केले. नोटरीने मान वर न करता विचारले, “मुलगा एकच ना नक्की?” तेव्हा बंधू क्षणभर अडखळले, हे मी पाहिले आहे.

यानंतर दिल्लीच्या ए.पी.एस. या जर्मन कचेरीकडे सर्व दस्तऐवज रवाना करावयाचे. विद्यापीठाने दिलेली पदवी विद्यापीठानेच दिली आहे काय, याची शहानिशा ती कचेरी करते, आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून तिच्या दाखल्यावाचून भारतीय विद्यार्थ्याच्या व्हिसाचा अर्ज सहसा पुढे सरकत नाही. पदवी मिळवण्यास चार वर्षे लागली आणि ती मिळाल्याचे सिद्ध करण्यास चार महिने लागले, म्हणून कुरकुर करणाऱ्याने हिशेब तपासावा. प्रमाण वाईट नाही.

आता द्रव्य. शिक्षण फुकट असले तरी विद्यार्थी जेवतो, ही गोष्ट जर्मन सरकारने हेरली असून, एका वर्षाच्या निर्वाहापुरते, म्हणजे सध्या ११,९०४ युरो, एका कुलूपबंद खात्यात आगाऊ ठेवण्यास ते सांगते. त्यातून दरमहा ९९२ युरो विद्यार्थ्यास परत मिळतात. आपलेच पैसे आपल्यालाच हप्त्याने मिळण्याचा हा आनंद पूर्वी केवळ निवृत्त मनुष्यास ठाऊक होता. ही रक्कम घरात नसते, म्हणून बँकेकडे जावे लागते; बँक तारण मागते, तारण म्हणजे राहते घर, आणि घराचे कागद म्हणजे इंडेक्स टू, सोसायटीचे ना-हरकत पत्र, मूल्यांकन आणि वकिलाचा तीस वर्षांचा शोध-अहवाल. त्या अहवालातून आमच्या तीर्थरूपांनी १९९७ साली जिन्याखालची जागा कोणास वापरण्यास दिली होती, हे आम्हांस प्रथमच कळले, आणि दोन कुटुंबांतील बोलणे बंद झाले. विद्येसाठी एवढा त्याग करावाच लागतो.

व्हिसाची मुलाखत मुंबईस. सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने जावे, आणि कागदांची फाइल मांडीवर ठेवावी, वरच्या फळीवर नव्हे. याहून अधिक सांगण्यासारखे तेथे काही घडत नाही.

सामान भरताना मात्र कुटुंबाची खरी कसोटी लागते. विमान कंपनी २३ किलोंची मर्यादा घालते आणि आजी ती मानीत नाही. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य व मांसजन्य पदार्थ आणता येत नाहीत, तेव्हा साजूक तुपाची बरणी आणि पेढे घरीच उतरवावेत, आणि तसे करताना आजीकडे पाहू नये. ताज्या फळांना आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून अननस, केळे, खजूर, ड्युरियन आणि नारळ एवढी पाचच फळे मुक्त आहेत. ब्रुसेल्सच्या ज्या अधिकाऱ्याने त्या यादीत श्रीफळ घातले, त्याच्या पूर्वजन्मीचा शोध कोणी तरी घ्यावा. कुकर न्यावा, त्याची शिटी वेगळ्या खिशात ठेवावी, अन्यथा ती कधीही सापडत नाही.

विमानतळावर आम्ही एकोणीस जण गेलो होतो. जुन्या दराने हिशेब केला तर दंड पावणेचोवीस रुपये झाला असता.

पोहोचल्यावर विधी संपला असे समजू नये. नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर-कचेरीत नाव नोंदवावे लागते. नोंदणीस घरमालकाचे पत्र लागते, घरमालकास भाडे देण्यासाठी स्थानिक खाते लागते, आणि खाते उघडू गेल्यास नोंदणीचा दाखला मागतात. या वर्तुळात कोठून शिरावे, हे शास्त्रकारांनी सांगितलेले नाही. पुतण्या एका मित्राच्या स्वयंपाकघरात सोळा रात्री निजून शिरला.

ऑक्टोबरच्या मध्यास त्याचे पहिले व्याख्यान होते. पत्रकात वेळ दहाची होती, म्हणून तो पावणेदहालाच जाऊन बसला. दहा वाजले तरी सभागृहात दुसरे कोणी नव्हते, आणि दार, दिनांक, इमारत यांपैकी काय चुकले म्हणून त्याने घाबरून मला फोन केला. तेथील विद्यापीठांत वेळेपुढे दोन लहान अक्षरे छापलेली असतात. त्यांचा अर्थ, छापील वेळेनंतर पंधरा मिनिटांनी प्रारंभ, असा आहे, आणि ही चाल जुनी आहे. परदेशी जाऊन अभ्यास करण्यासाठी निघाल्यापासून एकवीस महिन्यांनी, सव्वादहा वाजता, त्याच्या अभ्यासास प्रारंभ झाला.