तोंडात पान, कानात काशी

आमच्या घराण्यात पाच पिढ्या ख्रिस्ती आणि पाचही बडबड्या. पाळकसाहेबांनी उपासनेत ‘आज साक्ष कोण देणार?’ असं विचारायचा अवकाश, नगरची आमची सगळी मंडळी आधी माझ्याकडे बघते आणि मग घड्याळाकडे. वाराणसीला निघालो तेव्हा साहेब मुद्दाम घरी आले. म्हणाले, “भाऊ, तिथं भाषण नको. माणसांना विचारा, आणि ते काय सांगतात ते ऐका.” बायको आतून म्हणाली, “साहेब, तेवीस वर्षं मी दुसरं काय सांगतेय?”

तरी मी साक्ष तयार केलीच. हिंदीत, वीस मिनिटांची.

स्टेशनबाहेर रिक्षावाले ‘गिरजाघर, गिरजाघर’ असं ओरडत होते. माझा ऊर भरून आला. विश्वनाथाच्या गावात प्रभूच्या देवळाकडे जायला एवढी झुंबड! उतरल्यावर कळलं, गिरजाघर हे गोदौलियाजवळच्या चौकाचं नाव. सहप्रवासी साड्या घ्यायला निघाले होते. सेंट थॉमस चर्च मात्र खरंच तिथं होतं. फक्त त्याच्यासाठी उतरलेला मी एकटा.

काशीच निवडली ती नीलकंठशास्त्री गोऱ्यांमुळे. चित्पावन पंडित, इथंच वाढलेले. मिशनऱ्यांच्या मताचं खंडन करणारा ग्रंथ त्यांनी ऐन विशीत संस्कृतात लिहिला. सिगऱ्याच्या मिशनमध्ये विल्यम स्मिथ नावाचे साहेब होते, त्यांना गारद करायला शास्त्रीबुवा गेले. एका बैठकीत निकाल लागला नाही म्हणून पुन्हा गेले, पुन्हा गेले. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन तेवढं मनात रुतून बसलं. 1848 साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या झाले. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून आपल्याच जुन्या दर्शनांचं खंडन केलं. धर्म बदलला, खंडनाची खोड नाही गेली! शंकांनी त्यांना जन्मभर सोडलं नाही. म्हणूनच असेल, पंडिता रमाबाईंच्या शंकांना उत्तरं द्यायला हाच माणूस उपयोगी पडला. ज्याला कधी शंका आली नाही, त्याच्याकडे शंका घेऊन कोण जाणार?

ते वारले 1895 साली. त्याच वर्षी आमच्या कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी टिळकांना आगगाडीत एक गोरा भेटला होता. काव्याच्या गप्पा झाल्या आणि उतरताना त्यानं नवा करार हातात ठेवला. त्या माणसाचं नाव आजही फारसं कुणाला ठाऊक नाही. मी असतो तर आधी माझं नाव, गाव आणि पाच पिढ्या सांगितल्या असत्या. तोवर टिळकांचं स्टेशन येऊन गेलं असतं.

तर मी दुर्गाघाटाच्या गल्लीतला एक पानवाला हेरला. ठरल्याप्रमाणे प्रश्न विचारला, “भैया, जीवन में शांति है?” तो म्हणाला, “पहिले पान खाइए गुरू.” पान तोंडात गेलं आणि माझी साक्ष तिथंच संपली. बनारसी पान तोंडात असताना बोलायचं तर हनुवटी आकाशाकडे करावी लागते. मी प्रयत्न केला. शर्ट पांढरा होता.

मग चाळीस मिनिटं तोच बोलला. महागाई, गंगेचा पूर, पोराची नोकरी, आणि शेवटी अंथरुणाला खिळलेली आई. मांडीचं हाड मोडलं होतं. मला तीन वेळा चांगलं उत्तर सुचलं आणि तिन्ही वेळा ते रसाबरोबर गिळावं लागलं. मी फक्त ‘हूं’ म्हणत होतो. माझ्या गळ्यातला क्रूस बघून तो म्हणाला, “ईसाई हैं? तो अपनेवाले से भी कह दीजिए. बाबा विश्वनाथ से कह दिया है, संकटमोचन से भी.” मी म्हटलं, “हूं.”

रात्री बायकोला फोन करून हे सगळं रंगवून सांगितलं. सांगण्यात एक तास गेला आणि डोळा लागला. सकाळी दुकानासमोरून जातो तर तो ओरडला, “का गुरू, कह दिया?”

तोंडात पान नव्हतं, तरी माझ्याच्यानं बोलवेना. प्रार्थना करायची राहूनच गेली होती. खोटं बोलणं शक्य होतं. हिंदीत तर ते मला जास्तच सोपं जातं. पण म्हटलं, “भूल गया.” तो खो खो हसला. “तो अब कह दीजिए, दुकान खुली है.” मी आईचं नाव विचारलं. चुन्याच्या डब्यापाशी हात जोडून, उभ्या उभ्या, दोन मिनिटांत प्रार्थना केली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत आखूड प्रार्थना. त्यानं ‘आमेन’ म्हटलं की ‘आ गए’, ते नीट कळलं नाही, कारण तेव्हा तोंडात पान त्याच्या होतं.

याला आता दीड वर्ष झालं. दर रविवारी उपासनेनंतर मी त्याला फोन करतो. अर्धा तास तो बोलतो, मी ‘हूं’ म्हणतो. आई काठी घेऊन घाटापर्यंत जाते. वीस मिनिटांची साक्ष अजून पाकिटात तशीच आहे.