गॅरेजातून सा. न. वि. वि.

डब्लिन, ओहायो
फेब्रुवारी, रविवार दुपार

ती. सौ. आईंना,

सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. पत्र लिहायचं कारण एवढंच, की रविवारचा फोन हल्ली तुमच्यापर्यंत पोचतच नाही. इकडे सकाळचे नऊ, सांगलीत संध्याकाळचे साडेसात. बाबा फोन उचलतात, तुमचे चिरंजीव तो घेऊन थेट गॅरेजात जातात, आणि पुढचा तासभर माझ्या कानावर येतं ते असं: "मोबाईल सायलेन्सरजवळ धर. अजून जवळ. आता रेस कर. बंद कर. उजवा सिलिंडर मिसिंग करतोय." मागून तुमचा आवाज एकदाच येतो, "अहो, जेवला का विचारा." तो प्रश्न बाबा पुढे सरकवत नाहीत. इथले एक ओळखीचे गृहस्थ सांगलीला निघालेत, त्यांच्या बॅगेत हे पत्र टाकते आहे. वाचून झालं की डाळीच्या डब्यामागे ठेवा. शेवटी एक गोष्ट आहे ती बाबांच्या दृष्टीस पडायला नको.

इथल्या घरांना गॅरेज जोडूनच असतं, दोन मोटारी मावतील एवढं. आमच्या दोन्ही मोटारी बाहेर बर्फात उभ्या असतात. आत राहते होंडा मोटारसायकल. सीबी 350, 1972 ची, म्हणजे तुमच्या चिरंजिवांपेक्षा वयाने थोर. ती एका शेतकऱ्याच्या कोठारात पडून होती. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला आणि टाकीत पेट्रोलच्या जागी काळा चिकट राप. हे पाहून कोणीही शहाणा माणूस मागे फिरला असता. आपल्याकडचे मात्र आनंदाने म्हणाले, "सगळं ओरिजिनल आहे." उंदीरही ओरिजिनल असावेत.

1968 ते 1973 मध्ये ही गाडी अमेरिकेत लाखांनी खपली, हे मला दिवसाआड ऐकवलं जातं. लाखांनी खपली म्हणून पार्ट मिळतात, हा त्यातला मतलब. आमच्या घरापासून जवळच मेरिसव्हिल म्हणून गाव आहे. तिथे होंडाने 1979 मध्ये कारखाना काढला, त्यात आधी मोटारसायकली निघायच्या, मोटारींना नंतर सुरुवात झाली. आमची मात्र त्याच्याही आधीची, थेट जपानहून आलेली. आणि तिने जपानहून येताना सोबत स्क्रू आणले.

हे स्क्रू दिसायला साधे, चार खाचांचे, ज्यांना बाबा 'स्टार' म्हणतात तसे. पण ते जपानी मापाचे असतात. खाचेचा उतार इथल्या स्क्रूपेक्षा किंचित निराळा. घरातला साधा स्क्रूड्रायव्हर लावून जोर केला की तो वर उचलला जातो आणि जाताना खाच सोलून जातो. दोनदा सोलली की तिथे वाटीसारखा खड्डा उरतो, मग पुढची दुपार त्या एका स्क्रूची. ओळखायचं कसं, तर डोक्यावर एका बाजूला बारीक टिंब असतं. ते टिंब आमच्या ईशाने शोधलं. बाप इंजिनाच्या बाजूच्या झाकणाशी झुंजत होता, ही टॉर्च धरून बसली होती. म्हणाली, "बाबा, याला ठिपका आहे, त्याला नाही." मग जपानी मापाचे स्क्रूड्रायव्हर आले. शिवाय एक इम्पॅक्ट ड्रायव्हर आला: स्क्रूवर टेकवायचा आणि वरून हातोडीचा ठोका द्यायचा, की ठोक्यासरशी टोक खाचेत दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं. पन्नास वर्षं हलला नव्हता तो स्क्रू 'कट्' असा आवाज करून सुटला. आई, खरं सांगते, तो आवाज ऐकून मलासुद्धा बरं वाटलं. हे आत कोणाला सांगितलेलं नाही.

बाबांचा सल्ला अखंड चालू असतो आणि तो सगळा त्यांच्या येझदी मोटारसायकलचा असतो. येझदी टू-स्ट्रोक, ही फोर-स्ट्रोक. गाडी उचलत नाही म्हटलं की बाबांचा पहिला प्रश्न, "पेट्रोलमध्ये ऑइल टाकलंस का?" हिच्या पेट्रोलमध्ये ऑइल टाकत नाहीत, हिचं ऑइल इंजिनात वेगळं असतं, हे त्यांना दर रविवारी सांगितलं जातं. ते "हां हां" म्हणतात आणि पुढच्या रविवारी तोच प्रश्न नव्या उमेदीने विचारतात. दुसरा सल्ला प्लगचा: काढ, पॉलिश पेपरने घास, गॅसवर तापव, लाव. हा सल्ला मात्र दोन्हीकडे चालतो. सकाळी चहाचं आधण ठेवायला गेले तर शेगडीवर चिमट्यात धरलेला प्लग लालभडक झालेला.

एका बाबतीत मात्र बाबांचं आणि लेकाचं एकदम जमलं, ते म्हणजे पेट्रोलला शिव्या घालणं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, मक्यापासून काढलेलं. ते हवेतलं पाणी ओढतं. गाडी हिवाळाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या आत हिरवट-पांढरी बुरशी धरावी तसं काहीतरी धरतं, आणि त्यातली बारीक भोकं बुजतात. बाबा म्हणाले, आपल्याकडे आता वीस टक्के घालतात. त्यावर दोघं बराच वेळ हळहळले. शेवटी बाबांनाच आठवलं की आपल्याकडचं उसाचंही असतं आणि आपलाही ऊस कारखान्याला जातो. मग विषय बदलला.

कार्बोरेटर दोन आहेत. एक असता तर हे पत्र अर्ध्यात संपलं असतं. दोघांनी सारखी हवा ओढायला पाहिजे, नाहीतर एक सिलिंडर राबतो आणि दुसरा नुसता हजेरी लावतो. आतला सगळ्यात बारीक जेट साफ करायला ईशाच्या गिटारची सगळ्यात पातळ तार कापली गेली. तिने तक्रार केली नाही. नव्या तारांचा अख्खा सेट आणि गाडीवर मागे बसून एक फेरी, असा करार तिने आधीच करून घेतला होता. ही तुमच्यावर गेली आहे.

आता स्वयंपाकघराचं सांगते. नीट ऐका, हे पुढे तुमच्या कामाला येणार आहे. कार्बोरेटर उकळतात. लिंबाच्या रसात, पाण्यात घालून, मंद आचेवर. माझं तांब्याच्या बुडाचं पातेलं त्यात गेलं. टाकीचा गंज काढायला व्हिनेगर लागतं, टाकी गळ्यापर्यंत भरून काही दिवस तशीच ठेवायची आणि मग खाण्याचा सोडा टाकून धुवायची. दुकानात गाडीभर व्हिनेगर घेतलेलं पाहून काउंटरवरच्या बाईंनी "लोणचं घालताय वाटतं" असं कौतुकाने विचारलं. चिरंजीव "हो" म्हणाले. सगळ्यात वर चाकाच्या बेअरिंगचं प्रकरण. थंडीने लोखंड आक्रसतं आणि उष्णतेने ॲल्युमिनियम फुगतं, म्हणून बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं, चाकाचा मधला भाग ओव्हनमध्ये तापवायचा, की एकमेकांत अलगद बसतात, ठोकावं लागत नाही. शास्त्र बरोबर आहे. बसलंही तसंच, बोटाने दाबल्यासारखं. पण संकष्टीला मोदकांसाठी खोवलेल्या खोबऱ्याची पिशवी म्हणून मी जी बाहेर काढली, तिच्यात बेअरिंग होतं. आणि ओव्हनमधून आठवडाभर ग्रीसचा वास येत होता, त्या आठवड्यात केलेला केक ईशाच्या मैत्रिणींनी "इंडियन मसाला" म्हणून खाल्ला.

मी एकच नियम केलाय आणि तो मोडलेला खपवून घेत नाही. गॅरेजचं दार बंद असताना इंजिन सुरू करायचं नाही. बाहेर कितीही बर्फ असो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गॅरेजची एक भिंत आमच्या घराचीच आहे. अलार्म लावलाय, तरीही. बाबांनाही बजावलंय. "रेस कर" म्हणण्याआधी "दार उघडलंस का" हे विचारायचं. ते विचारतात. तेवढं ऐकतात माझं.

मॅन्युअल मी वाचते. चिरंजीव वाचत नाहीत. बाबांनी येझदीचं वाचलं होतं का, हा त्यांचा बिनतोड मुद्दा. मग मी जिन्याच्या पायरीवर बसून वाचून दाखवते आणि ते खाली पडून ऐकतात. टॅपेटची फट इनलेटला 0.05 मिलिमीटर, एक्झॉस्टला 0.10, इंजिन पूर्ण थंड असताना. बाबांचं म्हणणं, पट्टी घालून काय मोजता, हाताला जरा टकटक लागलं की झालं. मी म्हटलं, बाबा, तुमच्या येझदीला टॅपेटच नाहीत. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "म्हणूनच ती चांगली गाडी."

या सगळ्यात गंमत अशी की लोक येऊ लागलेत. तुम्ही इथे होतात तेव्हा म्हणायचात ना, इथे फोन केल्याशिवाय कोणी कोणाच्या दारात येत नाही. ते खरंच आहे. पण गॅरेजचं दार वर आणि आत उघडी मोटारसायकल असली की तो नियम लागत नाही. आमचं गॅरेज म्हणजे आता मारुतीच्या देवळासमोरचा पार झालंय. पलीकडच्या घरातले निवृत्त आजोबा स्वतःची घडीची खुर्ची आणि स्वतःची कॉफी घेऊन येतात. विशीत असताना त्यांच्याकडे हीच गाडी होती. काही करत नाहीत, बघत बसतात. मधेच "काळी वायर लाइव्ह असते, हिरवी अर्थ" एवढं सांगतात. मोटारीत काळी अर्थची असते, त्यामुळे या गाडीत भले भले फसतात, ते आजोबांमुळे टळलं. आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं की गॅरेजचं दार वारंवार उघडं दिसतं, त्याने परिसराची शोभा जाते. आजोबांनी ते पत्र वाचलं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या वर्कबेंचच्या पायाखाली सरकवलं. बेंच आता हलत नाही.

जुलैत मिड-ओहायोच्या रेस ट्रॅकवर जुन्या मोटारसायकलींची मोठी जत्रा भरते, तिथे आम्हाला नेलं होतं. शेतात मैलभर मांडलेला जुना बाजार. गंजक्या टाक्या, एकेकटे आरसे, खोकी भरून नट-बोल्ट. तिथे एक लाल जावा उभी होती, येझदीच्याच घराण्यातली. चिरंजिवांनी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला, तुम्ही तेव्हा झोपायच्या तयारीत होतात बहुतेक. मालक गोऱ्या तरुणाला गाडी नुकतीच मिळालेली, किक कुठे आहे ते सापडत नव्हतं. बाबा तिकडून ओरडले, "गिअरच्या दांडीलाच आत दाब आणि वर फिरव, तीच किक!" त्याला मराठी कळायचं कारण नव्हतं, पण बाबांच्या हाताची फिरकी कळली. दांडी आत गेली, वर फिरली, गाडी फटकन सुरू झाली. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी तुम्हाला याबद्दल निदान दहा वेळा सांगितलं असेल, म्हणून पुढे लिहीत नाही.

आता मुख्य मुद्दा. मी नीट पाहिलंय आणि माझी खात्री पटलीय, की गाडी दुरुस्त व्हावी असं यांना वाटतच नाही. ऑक्टोबरात होंडा अशी सुरेख सुरू झाली की घड्याळ. हे तिच्यावर बसून कोथिंबीर आणायला गेले, घेऊन आले, आणि संध्याकाळभर घरात हिरमुसल्यासारखे वावरले. पुढच्या शनिवारी पुढचे शॉकॲबसॉर्बर उतरवून ठेवले. "बरे होते ना?" म्हटलं तर म्हणे, "बघून ठेवावेत." त्यानंतर 1975 ची सीबी 360 आली. मला वाटलं एकीचे पार्ट दुसरीला होतील. होत नाहीत, जवळजवळ काहीच होत नाही, आणि हे तिला घेण्यामागचं एक कारण असावं. मोटारसायकलीवरचं ते झेनवालं प्रसिद्ध पुस्तक, पर्सिगचं, तेही माझ्यापुढे टाकण्यात आलं. तोही होंडावरच फिरला होता म्हणे. वाचलं. मोटारसायकल बेताची आहे, तत्त्वज्ञान भरपूर, आणि त्या माणसाच्या बायकोचं त्यात कोणी काही विचारत नाही.

आणि आता डाळीच्या डब्यामागची गोष्ट. आपल्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली बसलेली येझदी. तिचा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला, पण बाबांच्या मते ती 'चालू कंडिशन'मध्ये आहे, फक्त कार्बोरेटर साफ करायचाय. आम्ही दिवाळीला तीन आठवडे येतोय ते तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळीसाठी येतोय असं तुम्हाला वाटतंय. मी गॅरेजच्या दाराआडून ऐकलंय: वसुबारसेला इंजिन उतरवायचं, पाडव्याला गाडी रस्त्यावर. बाबांना मी यातलं काही जाणते हे कळू देऊ नका, नाहीतर ते आत्ताच इंजिन उतरवून ओसरीवर मांडतील आणि फराळ करायला तुम्हाला शेजारी जावं लागेल.

तेव्हा दसरा झाला की एवढं करा. चकलीची कढई, मोदकपात्र आणि तुमचं लग्नातलं पितळी पातेलं कपाटात कुलूपबंद करा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं मुद्दाम समोर ठेवा, म्हणजे तेच उचललं जाईल. लिंबं मोजून ठेवा. फ्रीजरमध्ये जागा ठेवू नका, मटार भरून टाका.

तुमची,
मृणाल

ता. क. परत येताना या गृहस्थांबरोबर अर्धा किलो मेतकूट पाठवा. डब्याचं झाकण तुम्ही स्वतः लावा आणि वर पट्टी चिकटवा. मागच्या वेळी मेतकुटात येझदीचे पॉइंट निघाले होते.